छताच्या पंख्याखाली मोजा ढगांची उंची

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पंखा पाचवर ठेवला तरी अंगाला गार लागत नाही. जुलैत त्याच पंख्याखाली बसलं की घाम निथळतो, पण वाळत नाही. दोन्ही वेळा आपण पंख्याला दोष देतो. खरं कारण असतं हवा: मे महिन्यात तिचं तापमान, जुलैत तिच्यातली वाफ. हवा किती कोरडी आहे यावर घाम किती भराभर वाळणार हे ठरतं, आणि दुपारचे ढग जमिनीपासून किती उंचावर तयार होणार हेही त्यावरच ठरतं. म्हणूनच छताचा पंखा, दोन साधे थर्मामीटर आणि सुती कापडाचा एक तुकडा एवढ्या सामानावर ढगाच्या तळाची उंची घरबसल्या काढता येते. गणित गुणाकार-वजाबाकीच्या पुढे जात नाही. आठवी-नववीतल्या मुलामुलींनी हा प्रयोग एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं.

आधी पंखा काय करतो ते पाहू. पंखा हवा थंड करत नाही. खोलीत कुणी नसताना तो चालू राहिला तर खोली किंचित तापतेच, कारण जुन्या पद्धतीच्या पंख्याला लागणारी ७५ वॅटच्या आसपासची वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. (नवे बीएलडीसी पंखे साधारण तीस वॅट घेतात, तेवढी बचत.) पंख्याचा उपयोग होतो तो आपल्या अंगाला. शरीराभोवती उबदार, दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो पंखा सतत हटवत राहतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर ती अंगातली उष्णता घेऊन जाते, आणि घाम भराभर वाळतो.

त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४४ अंशांवर गेली की पहिल्या गोष्टीची दिशाच उलटते. आता पंखा अंगावर उष्णता आणून टाकू लागतो. त्यात वरच्या मजल्यावरचं घर असेल तर तापलेल्या स्लॅबजवळची सगळ्यात गरम हवा खाली येते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, "पंखा काहून गरम हवा फेकून राहिला" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, तो अगदी रास्त आहे. अशा वेळी सगळी मदार घामावर. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात लिटरभर घाम वाळला तर शरीरातून जवळपास ६७० वॅटच्या वेगाने उष्णता बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस स्वतः साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो. त्याच्याशी ताडून पाहिलं की घामाची ताकद कळते. पण त्यासाठी घाम यायला हवा आणि त्यासाठी पोटात पाणी असायला हवं. तापमान ४० अंशांच्या वर असेल तर पंखा शरीराला तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, म्हणून आजी-आजोबांना बंद खोलीत नुसत्या पंख्याखाली झोपवून घरच्यांनी निश्चिंत राहू नये. अंगावर ओला पंचा टाकावा आणि पाणी, ताक देत राहावं.

ओल्या पंच्याचं जे होतं तेच थर्मामीटरचं करायचं आहे. दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या खालच्या फुग्याला भिजवलेलं सुती कापड गुंडाळा, दुसरा कोरडाच ठेवा. ओल्या कापडातलं पाणी वाळताना फुग्यातली उष्णता ओढून घेतं आणि त्याचा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त उतरतो. हवेत आणखी वाफ मावतच नसेल तर पाणी वाळत नाही आणि दोन्ही थर्मामीटर सारखंच तापमान दाखवतात. हवामान वेधशाळेच्या आवारात पांढरी, झडपांची लाकडी पेटी दिसते ना, तिच्यात अशीच कोरड्या-ओल्या थर्मामीटरची जोडी असते.

इथे पंखा लागतो. स्थिर हवेत ओल्या कापडाभोवती दमट थर साचतो, पाणी नीट वाळत नाही आणि ओला थर्मामीटर खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन हवामानतज्ज्ञ रिचर्ड आसमान यांनी या अडचणीवर उपाय म्हणून उपकरणातच एक छोटा पंखा बसवला. थर्मामीटरवरून ठराविक वेगाने हवा खेचली जाऊ लागली आणि मोजमाप भरवशाचं झालं. आपल्या घरी हे काम छताचा पंखा करतो.

आता कृती. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानात काचेचे साधे थर्मामीटर मिळतात. ताप मोजायचा चालत नाही. दोन्ही एकाच बनावटीचे घ्या आणि आधी कोरडेच शेजारी ठेवून सारखं दाखवतात का ते बघा. फरक असेल तर लिहून ठेवा आणि पुढे तेवढा वजा-अधिक करा. कापड जुन्या मलमलीचं, स्वच्छ धुतलेलं, एकाच पदराचं असावं. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते कूलरच्या ताट्यांवर पांढरे होऊन बसतात तसेच या कापडावरही बसतात आणि मग पाणी नीट वाळत नाही. पाणी खोलीच्याच तापमानाचं असावं, माठातलं नको.

दोन्ही थर्मामीटर खुर्चीच्या पाठीला असे बांधा की फुगे मोकळ्या हवेत लोंबतील. खुर्ची पात्याच्या लांबीच्या मध्याखाली येईल अशी ठेवा, कारण पंख्याच्या बरोबर मध्याखाली वारा कमी असतो. पंख्याला काहीही बांधू नका. खिडक्या उघड्या ठेवा. कूलर बंद हवाच, कारण तो खोलीत सतत वाफ सोडतो. स्वयंपाक नुकताच झाला असेल किंवा फरशी पुसली असेल तर अर्धा तास थांबा. मग रेग्युलेटर पाचवर करून पाच-दहा मिनिटं वाट बघा. ओल्या थर्मामीटरचा पारा उतरत उतरत एका ठिकाणी थांबला की तो आकडा आधी वाचा, लांबूनच. आपल्या श्वासातही वाफ असते.

समजा जुलैतल्या उघडीप दिलेल्या दुपारी कोरडा थर्मामीटर ३१ आणि ओला २६ अंश दाखवतो. यावरून हवेतली वाफ काढायची. वाफेचा स्वतःचा एक दाब असतो, त्याला बाष्पदाब म्हणतात. प्रत्येक तापमानाला हवेत वाफ जास्तीत जास्त किती राहू शकते हे ठरलेलं आहे. २० अंशांना तो दाब २३.४ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक), २२ ला २६.४, २४ ला २९.८, २६ ला ३३.६ आणि २८ ला ३७.८. ओल्या थर्मामीटरच्या तापमानाचा आकडा घ्या, म्हणजे ३३.६. त्यातून दोन्ही थर्मामीटरमधल्या फरकाला ०.६४ ने गुणून येणारी संख्या वजा करा. फरक ५, म्हणून ३.२ वजा. उरले ३०.४. (हा ०.६४ नागपूरच्या हवेच्या दाबासाठी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असल्यामुळे तो मुंबईपेक्षा थोडा कमी येतो.) आता वरच्या आकड्यांत बघा, ३०.४ कोणत्या तापमानाला बसतो? २४ च्या जरासा वर, म्हणजे २४.३ अंश. हा झाला आजचा दवबिंदू. ही हवा जशीच्या तशी २४.३ अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागेल.

दवबिंदूचा एक गुण आपल्या फार उपयोगी पडतो. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड किंवा गरम असली तरी तिच्यातली वाफ तेवढीच असते, म्हणून दवबिंदू घरात आणि बाहेर जवळपास सारखाच येतो. सापेक्ष आर्द्रतेचं तसं नाही, ती तापमानाबरोबर सारखी बदलते. तेव्हा दवबिंदू पंख्याखाली काढायचा आणि तापमान मात्र बाहेरच्या सावलीतलं घ्यायचं. सोय म्हणून बाहेरही ३१ च धरू.

३१ वजा २४.३ म्हणजे ६.७. याला १२५ ने गुणा. येतात सुमारे ८४० मीटर. ढगाचा तळ डोक्यावर साधारण तेवढ्या उंचीवर असणार.

हे १२५ कुठून आले? उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते, आणि प्रसरण पावण्यात स्वतःची ऊर्जा खर्च केल्यामुळे थंड होते. दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश, हा वेग भौतिकशास्त्राने पक्का ठरलेला आहे. दवबिंदूही तिच्याबरोबर उतरतो, पण फार हळू, किलोमीटरला जेमतेम १.८ अंश, कारण हवा पसरली की वाफही विरळ होते. म्हणजे वर चढताना तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर दर किलोमीटरला आठ अंशांनी घटत जातं. एक अंश घटायला किलोमीटरचा आठवा भाग लागतो, तो १२५ मीटर. अंतर संपलं की वाफेचे थेंब होतात आणि ढग दिसू लागतो. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जेम्स एस्पी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विचार मांडला, आणि आजही तो तसाच वापरला जातो.

एवढं समजलं की आकाशाकडे बघण्याची नजर बदलते. पाऊस उघडलेल्या दुपारी फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून बघा. कापसी ढग वरून कितीही ओबडधोबड असले तरी खालून सपाट असतात, आणि दूरवरचे सगळे तळ एकाच पातळीत आखल्यासारखे दिसतात. ती पातळी म्हणजे तापमान आणि दवबिंदू जिथे भेटतात ती उंची. शहरभर हवा सारखीच दमट, म्हणून सगळ्या ढगांना तळही सारखाच. सकाळी हे ढग खाली असतात आणि ऊन चढेल तसा तळ वर सरकतो, कारण तापमान वाढतं आणि दवबिंदू जवळपास तिथेच राहतो.

आता हाच हिशोब मे महिन्याला लावू. कोरडा थर्मामीटर ४४, ओला २२. फरक २२ अंशांचा! २२ ला बाष्पदाब २६.४, त्यातून २२ गुणिले ०.६४ म्हणजे १४.१ वजा, उरले १२.३. वर न दिलेल्या, २० अंशांखालच्या आकड्यांत तो बसतो १० अंशांना. ४४ मधून १० गेले, ३४ राहिले, गुणिले १२५, म्हणजे ४२५० मीटर. ढग बनायचा असेल तर हवेला सव्वाचार किलोमीटर वर चढावं लागेल. बहुतेक दिवशी ती तिथवर पोचत नाही, म्हणून आकाश कोरं.

पण कधी कधी बाहेरून थोडी ओल येते आणि हवा तिथवर पोचते. दुपारी चार-पाचला पश्चिमेकडून काळे ढग येतात, अंधारून येतं, सोसाट्याचा वारा सुटतो, धूळ उडते, झाडं पडतात, आणि पाऊस म्हणाल तर अंगणात चार टपोरे थेंब. सगळे म्हणतात ढगांनी हुलकावणी दिली. खरं तर पाऊस पडलेला असतो, फक्त तो जमिनीपर्यंत पोचत नाही. तीन-चार किलोमीटरच्या तापलेल्या कोरड्या हवेतून येताना थेंब वाटेतच वाळतात. आपल्या खिडकीतल्या कूलरच्या ताटीत जे होतं तेच तिथे आकाशभर होतं. पाणी वाळलं, हवा थंड झाली, थंड हवा जड झाली, आणि ती जड हवा खाली कोसळून जमिनीवर आपटून चहूकडे पसरली. तोच तो अचानक आलेला गार वारा. ढग जितका उंच आणि खालची हवा जितकी कोरडी, तितका हा झोत जोरदार असू शकतो. म्हणून मेमध्ये ढग उंच दिसले, खाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसल्या पण त्या जमिनीला टेकत नसल्या, तर झाडाखाली, होर्डिंगखाली, टिनाच्या शेडखाली थांबू नका. विजेचा धोका तर आहेच. विदर्भात अशा वादळांत दरवर्षी माणसं आणि गुरं दगावतात, ती टळावीत म्हणून हे ठसवून सांगतो आहे.

कूलर जुलैत का चालत नाही याचं उत्तरही आलंच. कूलर हवेला फार तर ओल्या थर्मामीटरच्या आकड्याच्या जवळ नेऊ शकतो. मेमध्ये तो आकडा २२ आणि हवा ४४, म्हणजे वाव भरपूर. जुलैत तो २६ आणि हवा ३१. वाव पाच अंशांचा, त्यात खोलीत दमटपणा वाढून घामही वाळेना. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवणारे बरोबर करतात.

आपली रीत कोणत्या ढगांना लागू पडत नाही तेही सांगायला हवं. जमिनीवरून हवा वर चढून बनलेल्या ढगांसाठीच ती आहे. बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यात दोन-दोन दिवस आकाश झाकून टाकणारा राखाडी थर दुसरीकडे तयार होऊन आलेला असतो. त्याची उंची आपल्या अंगणातल्या दवबिंदूवरून कळत नाही. हिवाळ्यातले पिसांसारखे बर्फाचे ढगही असेच, ते खूप वर असतात. पहाटेची वेळही टाळा, तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, हवा वर चढतच नाही. चांगल्या दिवशी, दुपारी, कापसी ढग असताना मोजा. तरीही ओल्या थर्मामीटरच्या वाचनात एका अंशाची चूक झाली तर उत्तर दीडशे मीटरपेक्षा जास्त हलतं.

विमानतळाला एवढी ढिलाई परवडत नाही. उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी कोणत्या उंचीवर दिसू लागेल यावर उतरायचं की परत वर जायचं हे ठरतं. नेहमीच्या उपकरणांच्या साहाय्याने उतरताना हा निर्णय जमिनीपासून सुमारे ६० मीटरवर घ्यावा लागतो. पूर्वी यासाठी ठरलेल्या वेगाने चढणारा छोटा फुगा सोडून तो ढगात दिसेनासा होईपर्यंतचा वेळ मोजत. रात्री ढगावर सरळ उभा प्रकाशझोत टाकायचा आणि ठराविक अंतरावरून त्या उजळ ठिपक्याचा कोन मोजायचा. झोतापासून ३०० मीटरवर उभं राहून कोन ६० अंश आला तर ढग ५२० मीटरवर. दहावीच्या त्रिकोणमितीतलं हेच ते उदाहरण. आता सिलोमीटर नावाचं उपकरण डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरचे स्पंद सरळ वर सोडतं आणि ढगावरून परत आलेल्या प्रकाशाची वेळ मोजतं. ढग दीड किलोमीटरवर असेल तर प्रकाशाला जाऊन यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. तेवढा वेळही यंत्र अचूक मोजतं. उपग्रहाला मात्र ढगाचा माथाच दिसतो. इन्सॅटची अवरक्त छायाचित्रं त्या माथ्याचं तापमान सांगतात आणि त्यावरून उंची काढतात. तळासाठी जमिनीवरूनच बघावं लागतं.

नागपूरकरांना आपलं उत्तर पडताळण्याची चांगली सोय आहे. सोनेगावला विमानतळाजवळ हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी उपकरण बांधलेला फुगा सोडतात. वर चढताना तो तापमान आणि आर्द्रता रेडिओने कळवत जातो. शिवाय विमानतळाचा मेटार नावाचा हवामान अहवाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. त्यात तापमान, दवबिंदू आणि ढगांच्या तळाची उंची तिन्ही असतात. उंची फुटांत आणि शंभराच्या पटीत दिलेली असते, म्हणून आपले ८४० मीटर तिथे साधारण २८०० फूट दिसायला हवेत. आधी दवबिंदू जुळतो का ते बघा, उंची नंतर. तुमचा दवबिंदू रोजच अहवालापेक्षा जास्त येत असेल तर कापड पुरतं भिजलेलं नाही, त्यावर क्षार बसलेत, पारा थांबायच्या आधीच वाचला गेलाय किंवा शेजारच्या कूलरची हवा खिडकीतून आत येते आहे. कमी येत असेल तर पाणी माठातलं घेतलेलं नाही ना, ते तपासा.